डिशवॉशरचं घाण पाणी परत मशीनमध्येच येतंय आणि ते लाल दिसतंय? सिंकखाली डिस्पोजर असेल तर आधी हे बघा

सकाळी डिशवॉशर उघडलं की तळाला दोन-तीन वाट्या घाण पाणी, वर तेलाचा तवंग, काचेच्या ग्लासांना आतून रवाळ काहीतरी चिकटलेलं आणि एक आंबूस वास, आणि हे रोज नाही हं, चार दिवस मशीन एकदम शहाण्यासारखं वागणार आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. ज्यांच्या सिंकखाली गार्बेज डिस्पोजर (उरलंसुरलं अन्न बारीक करून पाण्याबरोबर सोडणारं यंत्र) आहे आणि डिशवॉशरचा ड्रेन पाइप त्याच डिस्पोजरला जोडलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण आमच्या जळगावात ही दोन्ही मशीनं एकत्र असलेली घरं मोजकी, ती नीट जोडता येणारे प्लंबर त्याहून मोजके, आणि मी यात जवळजवळ आठ महिने आणि नको तितके पैसे घालवलेत.

थोडं मागचं सांगते. डिशवॉशर घेतला लॉकडाऊननंतर, तेव्हा ड्रेन पाइप साधा मोरीच्या नहाणी ट्रॅपमध्ये सोडला होता आणि दोन वर्षं काहीही त्रास नव्हता. मग किचनचं काम काढलं, ओटा नवा केला, मोरी गेली, आणि हौस म्हणून सिंकखाली डिस्पोजर बसवला. आमच्या सासूबाई त्याला सिंकमधला मिक्सर म्हणतात. डिस्पोजरच्या वरच्या बाजूला डिशवॉशरसाठी एक आडवी तोटी दिलेली असते, साधारण २२ मिमीची, तिला पाइप चढवून क्लिप आवळायची की झालं, असं सगळ्यांनीच सांगितलं. खरंतर काम तेवढंच आहे, फक्त त्या तेवढ्यात तीन चुका बसतात आणि आमच्याकडे तिन्ही बसल्या होत्या, एकाखाली एक, म्हणजे एक काढली की दुसरी वर यायची, म्हणूनच वाटायचं की तोच प्रॉब्लेम पुन्हा पुन्हा येतोय.

पहिल्याच दिवशी मशीन मधेच थांबलं आणि पाणी निघत नसल्याचा कोड आला. (बॉशमध्ये हे ई-२४ किंवा ई-२५ असं येतं, एलजीत ओई, तुमच्या मशीनचं पुस्तक बघा.) प्लंबर भाऊ परत आले, पाइप काढला, तोटीत बोट घालून बघितलं आणि म्हणाले, ताई ही तोटी तर आतून बंद आहे. हे खरंच होतं. नव्या डिस्पोजरच्या या तोटीला आतून प्लास्टिकचं बूच असतं, कारण सगळ्यांकडे डिशवॉशर नसतो, ज्यांच्याकडे नाही त्यांच्या सिंकचं पाणी तिथून बाहेर गळू नये म्हणून कंपनी ते बंदच पाठवते, डिशवॉशर जोडायचा असेल तर ते बूच आधी ठोकून पाडायचं असतं. भाऊंनी ठोकलं नाही. ड्रिल काढलं आणि बुचाच्या मधोमध एक भोक पाडलं, हरभऱ्याच्या दाण्याएवढं. आणि मशीन चाललं!

चाललं म्हणजे चार दिवस. पाचव्या दिवशी त्या भोकात भाताचं एक शीत किंवा कोथिंबिरीची काडी अडकली की पुन्हा तोच कोड. मी पाइप काढायचे, तारेने भोक मोकळं करायचे, पुन्हा चार दिवस. तोवर एका टेक्निशियनने पंप कमजोर झालाय सांगून साडेतीन हजारांचा नवा पंप बसवून दिला होता, जुना पंप मी नंतर बादलीत पाणी घेऊन चालवून बघितला, चांगला ठणठणीत आहे, माळ्यावर पडलाय.

तर बुचाचं काम असं करायचं. डिस्पोजर आणि डिशवॉशर दोघांचे प्लग काढायचे, नुसतं बटण बंद करून भागवू नका. पाइप तोटीवरून काढा. जाड पेचकस तोटीतून आत घाला पण बुचाच्या मध्यावर नाही, कडेला टेकवा, आणि हातोडीने दोन-तीन ठोके द्या, कडेने ठोकलं की बूच एका बाजूने सुटतं आणि तिरकं होऊन आत पडतं. आता हे आत पडलेलं बूच बाहेर काढायचंच आहे, ते डिस्पोजरमध्ये राहिलं तर पहिल्यांदा चालू केल्यावर जाम होतो. हात घालायचा नाही, प्लग काढलेला असला तरी नाही, बॅटरी मारून बघा आणि स्वयंपाकाची सांडशी किंवा लांब चिमट्याने उचला. आमचं बूच निघालं रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं लहान, काळं, मधे ते भोक आणि भोकाच्या कडेला उडदाच्या डाळीचा वाळलेला लगदा. ते बघितल्यावर आठ दिवस प्लंबर भाऊंना फोन करायचा नाही असं ठरवलं, कारण बोलताना तोल गेला असता.

कोणी कोणी विचारेल की तोटीच्या आत कंगोरा राहिला तर. चालत नाही. बोट फिरवून बघा (प्लग काढलेलाच आहे ना, आणि हे बोट बाहेरून तोटीत, डिस्पोजरच्या तोंडातून नाही), काही टोचलं तर गोल कानसीने घासा, नाहीतर तंतू तिथेच अडकायला सुरुवात होते.

बूच निघालं, कोड यायचा बंद झाला, आणि मी सगळ्यांना पेढे द्यायच्या बेतात होते. मग ते लाल पाणी सुरू झालं.

रात्री मशीन लावलं, भांडी व्यवस्थित धुऊन वाळलेली, मी सकाळी उघडते तर तळाला विटकरी लाल पाणी. मला वाटलं गंज. आतला स्टीलचा टब सडला, गेले पैसे. पुन्हा टेक्निशियन, यावेळी दुसरा, तो म्हणे हीटरचा गंज असेल, खोलून बघावं लागेल. सासूबाई धुळ्याकडच्या, त्या मागे उभ्या राहून बघत होत्या, वाकून एक बोट त्या पाण्यात घातलं आणि म्हणाल्या, "हाई ते कुकूनं पानी शे वं माय!"

आणि तसंच होतं. हळदीत चुना मिसळला की लाल होते, कुंकू तसंच करतात, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. डिशवॉशरची पावडर किंवा टॅबलेटही चुन्यासारखीच अल्कली असते. म्हणजे कोणाच्या तरी हळदीचं पाणी माझ्या मशीनमध्ये जाऊन उरलेल्या साबणात लाल होत होतं. पण रात्रीची भांडी तर धुऊन झाली होती, त्यातली हळद कधीच वाहून गेलेली. मग ही हळद आली कुठून? तर सकाळी सहाला सासूबाई उठून कढई आणि डब्याची भांडी सिंकमध्ये विसळतात. सिंकचं पाणी मशीनमध्ये येत होतं. इतके दिवस मी पाणी जात नाही, पाणी जात नाही असं म्हणत होते, आणि पाणी तर केव्हाच जात होतं, गेलेलं पाणी दुसऱ्याचं घेऊन परत येत होतं.

माझं यात एकच म्हणणं आहे, पंप बदलण्याआधी हे ठरवा की तुमच्याकडे पाणी जात नाहीये की परत येतंय. दोन्हीत तळाला पाणीच दिसतं, पण इलाज अगदी वेगळे. आणि एक, तळाला फिल्टरच्या खड्ड्यात थोडंसं स्वच्छ पाणी कायम असतं, ते असायलाच पाहिजे, त्याने आतली सील ओली राहतात, त्यासाठी कोणाला बोलवू नका.

ओळखायचं कसं, तर हळदीनेच. मशीन रिकामं करा, तळाचं पाणी स्पंजने टिपून घ्या. सिंकच्या तोंडाला झाकण लावून चार-पाच इंच पाणी भरा, त्यात अर्धा चमचा हळद कालवा, आणि डिस्पोजर चालू न करता झाकण एकदम काढा. दहा मिनिटं थांबा. मशीन उघडून बघा, तळाला पिवळं पाणी आलं असेल तर ते सिंकमधून आलंय, वाद संपला. साबण नसल्यामुळे पिवळंच दिसेल, लाल नाही. पिवळं काहीच नाही आलं तर उलटी टेस्ट करा, मशीनमध्ये वरून दोन लिटर स्वच्छ पाणी ओता आणि ड्रेन करा (बऱ्याच मशीनमध्ये स्टार्टचं बटण तीनेक सेकंद दाबून धरलं की चालू प्रोग्राम रद्द होऊन पाणी निघतं), मिनिट-दीड मिनिटात खळखळून रिकामं झालं तर पंप चांगला आहे. नुसताच घूं आवाज येतोय आणि पाणी हलत नाही तर फिल्टर, पंप, पाइप, बूच, या क्रमाने बघा.

फिल्टरचं फार सांगत नाही, तळाचा गोल फिल्टर डावीकडे फिरवून काढायचा आणि नळाखाली ब्रशने धुवायचा, आठवड्यातून एकदा. त्याच्या खाली पंपाचं झाकण असतं, ते चमच्याच्या मागच्या टोकाने वर उचलता येतं, आत पंखा हाताने थोडा थोडा फिरायला पाहिजे. आमच्याकडे तिथून लिंबाच्या बिया आणि एक चिंचोका निघालाय. काचेचा ग्लास कधी आत फुटला असेल तर हातमोजे घाला.

(हळदीने प्लास्टिकचे डबे पिवळे झाले तर घाबरू नका, उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हाने उडतो. जळगावचं मे महिन्याचं ऊन दुसऱ्या कशासाठी नाही तरी यासाठी चांगलं आहे, दोन दिवसात डबा पांढरा.)

आता पाणी परत का येतं. डिशवॉशरचा पंप मशीनच्या अगदी तळाशी. डिस्पोजरची तोटी त्याच्यापेक्षा बरीच वर, पण सिंकच्या तळाच्या खाली. पाइप तळापासून निघून जमिनीवरून लोळत सिंकखाली आला आणि सरळ तोटीला चढला, तर सिंकमध्ये किंवा डिस्पोजरमध्ये पाणी तुंबल्याबरोबर ते उताराने पाइपातून मशीनकडेच जाणार, दुसरं काय करणार. म्हणून पाइप आधी ओट्याच्या खाली जितका वर नेता येईल तितका न्यायचा, तिथे पट्टीने अडकवायचा, आणि मग वरून खाली तोटीवर आणायचा. याला हाय लूप म्हणतात. सिंकमध्ये अर्ध्यापर्यंत पाणी तुंबलं तरी ते त्या उंच वळणाच्या वर चढू शकत नाही.

आमच्याकडे हे का नव्हतं तर कडप्प्यामुळे. आपल्याकडे ओट्याखाली कडप्प्याचे उभे पाट असतात, डिशवॉशर पाटाच्या एका बाजूला आणि सिंक दुसऱ्या बाजूला, आणि पाइप काढायला भोक मिस्तरीने पाडलं होतं खाली, जमिनीपासून चार इंचावर, कारण तिथे पाडायला सोपं. पाइप तिथून घुसून सरळ तोटीला. शिवाय मशीन मागे ढकललं की पाइप त्या भोकाच्या धारेवर दुमडायचा, मी पाइप हातात घेऊन बघितला तर धारेच्या जागी खरवडून पांढरा पडलेला, अजून दोन महिन्यात फुटलाच असता. मग होल कटरने वरच्या बाजूला, ओट्याच्या ग्रॅनाइटपासून तीन इंच खाली नवीन भोक पाडून घेतलं, भोकाच्या कडेला जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा चिकटवला, आणि पाइप ग्रॅनाइटच्या पोटाशी पट्टीने बांधला. खालचं भोक आता फक्त पाणी आत येणाऱ्या नळीसाठी.

जोडताना दोन-तीन बारीक गोष्टी. पाइपाचं रबरी टोक तोटीवर चढत नसेल तर गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवा, मऊ होतं, तेल लावू नका, नंतर घसरतं. जुबली क्लिप (पाइपाभोवती आवळायची गोल पट्टी) स्टीलची घ्या आणि पेचकसाने आवळा, तारेने बांधलेलं मी एका ठिकाणी बघितलंय, चालतं म्हणे, चालतं तोवर चालतं. पाइपाचं माप आणि तोटीचं माप जमत नसेल तर पायऱ्यापायऱ्यांचा रबरी जोड मिळतो, तो घ्या, सीलंट फासून माप जमवू नका. आणि पाइप वाढवायचा असेल तर कमीत कमी वाढवा, मधला जोड आतून निमुळता झाला की पुन्हा तीच भोकाची गोष्ट.

अमेरिकेत काही राज्यांत नुसता लूप चालत नाही, कॅलिफोर्नियात एअर गॅप म्हणून एक नळकांडं सिंकच्या वर बसवावंच लागतं, डिशवॉशरचं पाणी तिथे हवेतून पडून मग डिस्पोजरमध्ये जातं. कारण खरं बोलायचं तर लूप शंभर टक्के नाही. पंपाने पाइप पूर्ण पाण्याने भरलेला असताना डिस्पोजरही तोटीच्या वरपर्यंत तुंबलेला असेल, तर पंप थांबल्यावर ते पाणी लूप ओलांडूनही उलटं खेचलं जाऊ शकतं, आपण टाकीतून नळीने तोंडाने ओढून पाणी काढतो ना, तसंच. मशीनच्या आत उलटं पाणी अडवायला एक छोटी झडप असते बऱ्याचदा, पण तिच्यात एक बी अडकली की ती उघडीच. तेव्हा लूप करा, पण डिस्पोजर रिकामा राहतोय का तेही बघा.

आणि आमचा नव्हता राहत. ही तिसरी चूक, आणि ही सापडायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण लूप केल्यावर तीन आठवडे पाणी आलं नाही आणि मग एके दिवशी वरण-बट्टीच्या रात्रीनंतर पुन्हा लाल.

मी सिंकखाली बॅटरी घेऊन आडवी झाले. डिस्पोजर बंद, नळ बंद, सगळं शांत, आणि सिंकच्या तोंडातून बॅटरी मारली तर आत पाणी दिसतंय. अर्ध्या तासाने बघितलं, तेवढंच. म्हणजे हे पाणी कायमचं तिथेच उभं होतं. कारण अगदी साधं निघालं. आपला ओटा साधारण ३३ इंच उंच, सिंक आठ-नऊ इंच खोल, त्याखाली डिस्पोजर लटकतो आणि त्याचं पाणी बाहेर जायचं तोंड सिंकच्या तळापासून आणखी सहा-सात इंच खाली. म्हणजे जमिनीपासून सतरा इंचांवर आलं ते. आणि भिंतीतला वेस्टचा पाइप? तो आधीच्या बॉटल ट्रॅपसाठी घातलेला, साडेअठरा इंचांवर. दीड इंच चढ! मिस्तरीला बोलावलं तर तो म्हणे ताई इतक्याने काही होत नाही, मग मी त्याच्याच लेव्हल पाइपात पाणी भरून दोन्हीकडे धरलं, पाण्याची रेघ भिंतीतल्या पाइपाच्या खाली आणि डिस्पोजरच्या तोंडाच्या वर, त्याने बघितलं, टोपी काढून डोकं खाजवलं आणि छिन्नी आणायला गेला. भिंतीतला पाइप १२ इंचांवर घेतला, डिस्पोजरपासून भिंतीपर्यंत ती वळ्यावळ्यांची फ्लेक्सिबल नळी काढून साधा ४० मिमीचा पीव्हीसी आणि एक पी ट्रॅप (पाणी धरून वास अडवणारा वाकडा जोड) टाकला, भिंतीकडे उतार दिला.

ती जुनी वळ्यांची नळी कापून बघितली मी, हौस म्हणून. प्रत्येक वळीत उडदाची डाळ, बेसन आणि तूप यांचा थर, साबणाच्या वडीसारखा घट्ट. आपल्या खान्देशी जेवणात शेवभाजीच्या तर्रीचं तेल, बट्टीवरचं तूप, वर उडदाची चिकट डाळ, हे सगळं डिस्पोजरमधून बारीक होऊन गेलं की नळीत जाऊन बसतं, आणि डिसेंबरात रात्री थंडी पडली की तूप थिजतं. म्हणून आमचा प्रॉब्लेम थंडीत जास्त यायचा, हे तेव्हा कळलं. ताटातलं तूप-तेल आधी कागदाने किंवा भाकरीच्या तुकड्याने पुसून घ्या. आणि डिस्पोजर चालवताना नळ गारच ठेवा, गरम नको, गरम पाण्याने तूप वितळून पुढे जातं आणि पुढे गार झाल्यावर पाइपात थिजतं, गार पाण्यात त्याचे कण होऊन पाण्याबरोबर निघून जातात.

काय टाकू नये त्याबद्दल कंपनीचं पुस्तक अमेरिकन भाज्या सांगतं, आपल्याला उपयोग नाही. आपल्याकडच्या यादीत पहिली केळीची सालं, आणि केळी तर आपल्याकडे किती खाल्ली जातात, त्याचे धागे आत गुंडाळतात. शेवग्याच्या चोखलेल्या शेंगा, मक्याची सालं, मेथीच्या काड्या, कांद्याची पातळ सालं, भरताच्या वांग्याची देठं. भाजलेल्या वांग्याचं साल मला वाटलं मऊ असतं, जाईल, पण ते ओल्या कागदासारखं पाइपात आतून चिकटून बसतं. आंब्याची कोय तर नकोच, उन्हाळ्यात पाहुण्यांची मुलं आली की मी सिंकवर ताट उपडं घालून ठेवते.

आमच्या सोसायटीत एकांनी हरकत घेतली होती की डिस्पोजरने ड्रेनेज चोक होईल. तशी भीती नवीन नाही, न्यूयॉर्क शहरात याच काळजीने १९९७ पर्यंत डिस्पोजरला बंदी होती, नंतर उठवली. आणि हे यंत्र काही कालचं नाही, अमेरिकेत रेसीन नावाच्या गावात जॉन हॅमिस नावाच्या आर्किटेक्टने १९२७ मध्ये बनवलं. डिशवॉशर तर त्याहून जुना, जोसेफिन कॉकरन बाईंचं पेटंट १८८६ चं. दोन्ही तिकडची, तिकडच्या सिंकच्या उंचीला आणि तिकडच्या भिंतीतल्या पाइपांना जुळणारी, आपल्या कडप्प्याचं आणि साडेअठरा इंचांचं त्यांच्या पुस्तकात कुठून येणार. हां, तुमच्याकडे सेप्टिक टँक असेल तर डिस्पोजरचा विचार दोनदा करा, टाकी लवकर भरते. आणि कोणी नातेवाईक तिकडून बॅगेत घालून आणून देतो म्हणाले तर नको म्हणा, तिकडची वीज १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, आपली २३० आणि ५०, नुसता ट्रान्सफॉर्मर लावून मोटर नीट चालेलच असं नाही.

रोजची सवय एकच लावून घेतलीय, डिशवॉशर लावायच्या आधी गार पाणी सोडून डिस्पोजर अर्धा मिनिट चालवायचा, म्हणजे आत काही अर्धवट राहिलं असेल तर निघून जातं आणि मशीनच्या पाण्याला वाट मोकळी. डिस्पोजर नुसता गुणगुणत असेल आणि फिरत नसेल तर लगेच बंद करा. प्लग काढून, त्याच्या बुडाला मधोमध सहा कोनी खाच असते, त्यात ॲलन की (सहा कोनी वाकडी चावी) घालून पुढेमागे फिरवा, सुटतो. मग बुडालाच लाल बटण असतं ते दाबा. बहुतेक मॉडेलला हे दोन्ही असतंच. आमच्याकडे एकदा चमचा गेला होता, चमचा आता सासूबाई मीठ काढायला वापरतात, कडेने चावलेला आहे.

डिशवॉशर पाणी सोडतो तेव्हा सिंकमध्ये गुडगुड आवाज येतो, कधी थोडं पाणी वर येऊन लगेच खाली जातं, हे चालतं. पाणी वर येऊन तिथेच थांबलं आणि हळूहळू उतरलं तर पुढे पाइपात थर बसायला लागलाय असं समजा, मशीनला हात लावू नका, पी ट्रॅपचं खालचं झाकण बादली धरून खोला. काचांवर पांढरे डाग पडतायत, मशीनचं मीठ (जड पाणी मऊ करायला टाकतात ते) किती टाकायचं, बोरचं जड पाणी, हे सगळं वेगळं प्रकरण आहे, त्याचा या पाण्याशी संबंध नाही, तेव्हा मीठ वाढवून हे बरं होणार नाही. मी वाढवून बघितलंय.

डिस्पोजर नसलेल्यांसाठी एक. माझा चुलतभाऊ भुसावळला असतो, त्याच्याकडे डिस्पोजर वगैरे काही नाही, ड्रेन पाइप जमिनीवरून नेऊन नहाणी ट्रॅपमध्ये खाली घातलेला. त्याची तक्रार उलटी, मशीन पाणी घेतच राहतं, घेतच राहतं, आणि प्रोग्राम पुढे सरकत नाही. त्याला कोणीतरी पाणी घ्यायचा व्हॉल्व्ह बदला सांगितलं होतं. मी गेले होते तेव्हा मशीन भरत असताना ट्रॅपची जाळी उचलून बघितली, तर पंप बंद आणि तरी पाइपातून धार चालू. पाइपाचं टोक मशीनच्या पाण्यापेक्षा खाली होतं आणि ट्रॅपमध्ये घट्ट कोंबलेलं, त्यामुळे आत आलेलं पाणी आपोआप खेचून बाहेर जात होतं. कंपन्या साधारण ४० सेंटीमीटर ते एक मीटरच्या दरम्यान पाइप उचलून न्यायला सांगतात, नेमका आकडा आपापल्या पुस्तकात बघायचा. आम्ही त्याच्या वॉशिंग मशीनच्या नळाला सुतळीने पाइपाचं वळण दोन फुटांवर बांधलं, खाली ट्रॅपमध्ये टोक सैल सोडलं, आणि मशीन लावून चहा ठेवला. प्रोग्राम पूर्ण झाला. तो म्हणाला उद्या पट्टी आणून नीट बसवतो. त्याला आता दीड वर्ष झालं, सुतळीच आहे.